मंदाताईंची चौकशी

मंदाताई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा चहा की कॉफी हे मी विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "ह्या घरातनं बाहेर पडायला वाटा किती?" मी म्हटलं, एकच, तुम्ही आलात ती. त्यांचा विश्वास बसला नाही. बाल्कनीत गेल्या, कठड्यावरून वाकून पावसाच्या पाण्याचा पाइप बघितला, मान हलवली, आणि परत येऊन भिंतीला पाठ लावून, दार समोर दिसेल अशा खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आता टाक चहा." मी पुण्याची. आमच्याकडे पाहुणा घरभर नजर फिरवतो ती सोफा कितीला पडला असेल हे ताडायला. पळून जायच्या वाटा तपासणारी पाहुणी मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

हॅनोव्हरला येऊन आम्हाला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. नीलेशची सॉफ्टवेअरमधली नोकरी, इराचं किंडरगार्टन आणि माझं एकटीचं घरात बसून कुढणं, असा आमचा संसार. एके दिवशी बेकरीच्या रांगेत मी फोनवर आईशी तावातावानं भांडत होते. कोणाला कळतंय इथे, म्हणून आवाजही चांगला चढवला होता. तर मागून खणखणीत मराठीत आवाज आला, की बाई, आईशी एवढं वर तोंड करून बोलू नये, ती लांब आहे. वळून बघते तर बुटक्या, रुंद बांध्याच्या, करड्या केसांचा बॉबकट केलेल्या एक बाई हातात ब्रेडची पिशवी घेऊन उभ्या. ओळख झाली ती अशी. त्या आमच्यापासून दोन इमारती सोडूनच राहत होत्या.

तर त्या पहिल्या चहाला नीलेशनं अदबीनं विचारलं, आपण काय करता? मंदाताई म्हणाल्या, "मी तुरुंगात असतो." मंदाताई कोल्हापूरच्या. तिकडच्या बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात, आणि जर्मनीत उभी हयात काढूनही त्यांचं ते सुटलं नव्हतं. पण नीलेश डोंबिवलीचा, त्याला बिचाऱ्याला आधी बाई तुरुंगात असते ह्याचा धक्का, मग असतो ह्याचा. मग उलगडा झाला, की शहराबाहेर तरुण गुन्हेगारांचा तुरुंग आहे, त्यात त्या अधिकारी आहेत. गणवेश, कमरेला साखळी, साखळीला किल्ल्या, सगळं काही.

कोल्हापूरची मुलगी इथल्या तुरुंगात पोचली कशी, हे मी त्यांना निदान चार वेळा विचारलं असेल आणि चार वेळा वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाल्या, उवेनं पळवून आणलं. एकदा म्हणाल्या, मीच त्याला पळवलं. उवेकाका म्हणजे त्यांचे यजमान, ट्राम चालवायचे. ते अतिशय कमी बोलत. त्यांना विचारलं तर ते "या, या", म्हणजे जर्मनमधलं हो-हो, म्हणून बागेत निघून जात. मीही मग नाद सोडला. नोकरीचं कारण मात्र मंदाताई सरळ सांगत. पोटाला लागत होती आणि सरकारी होती. एकदा चिकटलं की कोणी हलवू शकत नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ह्या शेवटच्या गोष्टीचं त्यांना पुढे काय काय बघावं लागलं, ते येईलच.

मंदाताईंच्या किल्ल्या कधी वाजत नसत. साखळीला एवढा जुडगा, पण तो खिशात, आणि खिशातला हात जुडग्याभोवती. त्यांचं म्हणणं, किल्ली वाजवत चालणारा माणूस पोरांना दर पावलाला सांगत असतो की तू आत आणि मी मोकळा. तेवढ्यासाठी पगार मिळत नाही. दुसरी सवय दार वाजवायची. कोठडीचं दार बाहेरून उघडायचं असतं, आतल्याच्या परवानगीचा प्रश्नच नाही. तरी मंदाताई आधी टकटक करायच्या, दोन श्वास थांबायच्या आणि मग कुलूप काढायच्या. नव्यानं लागलेले अधिकारी हसत. हसू देत, म्हणायच्या. आमच्या इराच्या खोलीचं दारही त्या वाजवूनच उघडायच्या. इरा तेव्हा चार वर्षांची. मी बाई धाडकन दार उघडून आत जायची. तर ही पोरगी एक दिवस मला जर्मनमध्ये ऐकवते, की मंदाआजी आधी विचारते, तू का नाही विचारत? घ्या. घरातच दुसरी तुरुंग अधिकारी तयार झाली.

आणि त्या पोरांना अहो-जाहो करायच्या. सोळा-सतरा वर्षांचं कार्टं, कोणाचं डोकं फोडून आलेलं, त्याला ह्या आपल्या घरी आलेल्या जावयासारखं "आपण जेवलात का" विचारणार. मला त्यांच्या तोंडून हे ऐकताना फार मजा वाटायची. कारण मला त्या अगं-तुगंच्याही खाली उतरून "आश्वे" म्हणायच्या. माझं अश्विनी हे नाव त्यांनी पूर्ण कधी घेतलंच नाही.

ह्या सगळ्या सवयी त्यांनी ज्याला हाताला धरून शिकवल्या, तो डिर्क. डिर्क विशीत असताना तुरुंगात शिकाऊ म्हणून लागला आणि त्याला मंदाताईंच्या हाताखाली दिलं. उंचापुरा, लालबुंद कानांचा, लाजाळू. पुढे त्याचं लग्न झालं, मोडलं, केस मागे गेले, पण रविवारी दुपारी मंदाताईंकडे जेवायला येणं काही सुटलं नाही. मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते तांबडा रस्सा ओरपताना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि एका हातानं वाटी पुढे करून अजून मागतोय. त्यांच्या बाथरूमच्या फरशा त्यानंच बसवून दिल्या होत्या. उवेकाकांना पहिला हार्ट अ‍ॅटॅक आला तेव्हा दवाखान्यात मंदाताईंच्या शेजारी बसून राहिला होता तोच. मंदाताईंना मूलबाळ नव्हतं. डिर्क आपला मुलगा आहे, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण रविवारी उशीर झाला की खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या.

आल्झो, म्हणजे इथल्या भाषेत 'तर', आता हलव्याबद्दल सांगायला हवं. मंदाताईंची धाकटी बहीण मालती कोल्हापूरहून दर संक्रांतीला काटेरी हलवा पाठवायची. पांढराशुभ्र, घरी केलेला. तो मंदाताई तुरुंगात घेऊन जायच्या आणि आपल्या विभागातल्या प्रत्येक पोराच्या तळहातावर चार-चार दाणे ठेवायच्या. कोण सीरियाचा, कोण इथलाच पूर्व भागातला, कोणाची आई पोलंडची. आज हे तोंडात टाकायचं आणि दिवसभर कोणाला वाकडं बोलायचं नाही, एवढंच त्या सांगायच्या. पोरं पण खुळी, दिवसभर खरंच गोड बोलायची, थोडी चेष्टा करत का होईना. कैद्याला बाहेरची वस्तू द्यायची नाही, हा तिथला साधा नियम. मंदाताईंना तो पाठ होता. पण हलवा ही त्यांच्या मते वस्तूच नव्हती. संक्रांतीला आलेल्याच्या हातावर काही ठेवलं नाही तर कसं दिसेल, एवढाच त्यांचा हिशेब. साहेब लोकही कानाडोळा करत, कारण ते स्वतःही ऑफिसात हात पुढे करून खात. हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या हिवाळ्यात मात्र सगळं फिस्कटलं. मार्को नावाचा एक सतरा वर्षांचा पोरगा होता, तोंडाचा फाटका. जेवणाच्या वेळी काहीतरी बाचाबाची झाली, त्यानं ताट भिरकावलं, त्याला धरून हातकड्या घातल्या. इथवर रोजचंच. पुढचं मंदाताईंनी मला सांगितलं ते फार थोडक्यात, आणि परत कधी सांगितलं नाही. हातकड्या घातलेला मार्को डिर्कच्या मोडलेल्या लग्नाबद्दल काहीतरी घाण बोलला. डिर्कनं त्याची मान धरली आणि तोंड भिंतीवर आपटलं. पोराचा पुढचा दात तुटून फरशीवर पडला. मंदाताई दारात उभ्या होत्या. आणखी दोन अधिकारी आत होते. त्या दोघांनी लिहून दिलं, की कैदी स्वतः पाय घसरून पडला.

मंदाताईंनी जे बघितलं ते लिहून दिलं. पण त्याआधी त्या डिर्कला भेटल्या. तूच लिही, तू लिहिलंस तर बरं होईल, असं त्याला समजावलं. तो म्हणाला, मंदा, सगळे म्हणतायत पडला म्हणून, तू एकटी गप्प बसलीस तर विषय संपतो. मंदाताई मला सांगत होत्या, "आश्वे, मी त्याला म्हटलं, मी गप्प बसलो तर उद्यापासून दार कशाला वाजवू?" त्या रविवारी डिर्क जेवायला आला नाही. पुढच्याही नाही. मंदाताईंनी तरी रस्सा केला होता, तो मग आम्ही खाल्ला.

इथली नोकरशाही मी तोवर फक्त घराच्या कागदांपुरती आणि व्हिसापुरती भोगली होती. तुरुंगातला अधिकारी म्हणजे बेआम्टे, जन्माचा सरकारी माणूस. त्याला काढायचं तर खात्यालाच त्याच्यावर कोर्टात दावा लावावा लागतो. त्याआधी खात्याची चौकशी. पण मारहाण म्हणून फौजदारी खटला चालू, म्हणून खात्याची चौकशी थांबलेली. खटल्याच्या तारखा पुढे. तोवर डिर्क घरी. पगार आधी पूर्ण, मग थोडा कापून. काम नाही, निकाल नाही, कोणाशी बोलायची परवानगी नाही. आणि तुरुंगातली चौकशी करणार कोण, तर तिथलाच एक साहेब, जो डिर्कबरोबर दर उन्हाळ्यात मासे पकडायला जायचा. माझ्या तोंडून चांगली पुणेरी शिवी निघाली. मंदाताई म्हणाल्या, तो साहेब वाईट नाही गं, पण त्याला बसवलाय चुकीच्या खुर्चीत.

आणि मग हलवा सापडला. त्याच सुमारास संक्रांत होऊन गेली होती. एका पोरानं आपले चार दाणे खाल्ले नव्हते, कागदाच्या घडीत बांधून गादीखाली ठेवले होते. आजीला द्यायचे होते म्हणे, भेटीला आली की. झडती निघाली, घडी उघडली, आत पांढरे, काटेरी, खडबडीत दाणे. तुरुंगात अशी घडी सापडली की त्याचा एकच अर्थ होतो. पोरानं सांगितलं, मंदा मॅडमनी दिलं. तक्रार कोणी पुढे सरकवली ते कधी कळलं नाही. डिर्कनं नाही, एवढं मंदाताई छातीठोकपणे सांगायच्या. पण ज्यांना मंदाताईंचं तोंड बंद हवं होतं, त्यांना आयतंच कोलीत मिळालं. झालं, मंदाताईंची चौकशी सुरू.

आता हसावं की रडावं. कोल्हापूरच्या मालतीबाईंनी कढईपुढे बसून, हात भाजून घेत वळलेला हलवा जर्मन सरकारनं प्रयोगशाळेत पाठवला. सगळ्यांना ठाऊक होतं काय आहे ते. चौकशी करणाऱ्या साहेबानं स्वतः दर वर्षी खाल्ला होता. पण अहवाल यायला कितीतरी महिने लागले. तेवढ्या काळात मंदाताईंना विभागातून काढून कपड्यांच्या कोठारात बसवलं. नव्या पोरांना पँट आणि चादरी मोजून द्यायच्या, एवढंच काम. जुने सहकारी जेवायला गेले की त्यांच्या टेबलावरून उठून जायचे. कोणीतरी त्यांच्या कपाटाला साखरेची पुडी चिकटवून ठेवली. मंदाताईंनी ती सोडवली, घरी आणली आणि चहात घातली. मला म्हणाल्या, चांगली होती, बारीक.

असं त्या बोलायच्या खऱ्या, पण त्यांची उमेद जात होती, मला दिसत होतं. उवेकाका त्याच वर्षी गेले. नोकरी गेली असती तर पेन्शनही हातची गेली असती, पण त्यांना त्याची फारशी भीती वाटत नव्हती. त्यांना एकच घोर लागला होता. मार्कोची शिक्षा संपत आली होती. तो सुटला की गेला कुठे कोणास ठाऊक. बाकीची पोरंही एकेक करून सुटत होती. कोणी काय बघितलं हे सांगणारं तुरुंगात कोणी उरणारच नव्हतं. एकदा संध्याकाळी आमच्याकडे भाजी निवडत बसल्या होत्या. मध्येच हात थांबवून म्हणाल्या, "माझी चूक साखरेची, डिर्कची दाताची. दोन्हीचे कागद एकाच कपाटात पडलेत. कोणी कपाटच उघडत नाही." पुण्याची असून मला शब्द सुचला नाही, हे त्यांनीच नंतर चेष्टेनं चारचौघांत सांगितलं.

वकील त्यांना म्हणाला, तुम्ही म्हणा, मी ऑफिसात ठेवला होता, पोरांनी आपल्या हातानं घेतला. साक्षीदार नाही, सुटाल. मंदाताई म्हणाल्या, मी दिला, दर वर्षी दिला, नियम मोडला हे खरं, लिहा. शेवटी त्यांना लेखी ठपका मिळाला, सगळ्यात हलकी शिक्षा. त्या दिवशी त्या इतक्या खूश होत्या की मला वाटलं सुटल्या. म्हणाल्या, अगं निकाल लागला ना. चांगला लागू दे, वाईट लागू दे, लागला. त्या डिर्कचा अजून लागायचाय.

थोड्याच काळात त्या निवृत्त झाल्या. पुढे मंत्रालयानं ही सगळी पद्धत बदलायचा मसुदा काढला. तुरुंगातल्या माणसाला काढायला कोर्टात दावा लावायची गरज नको, खात्यानंच हुकूम काढावा, आणि ज्याला अन्याय वाटेल त्यानं कोर्टात जावं, असा एकूण रोख होता. लांडटागच्या, म्हणजे इथल्या विधानसभेच्या, समितीनं तुरुंगात काम केलेल्या माणसांना बोलावलं, त्यात मंदाताईंना. मी त्यांना गाडीनं घेऊन गेले, कारण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जाताना मला म्हणाल्या, काय नेसू? मी म्हटलं, नेसा की साडी, दबून जातील. तर ह्या आपल्या निळ्या पँटीत आणि बागेतल्या स्वेटरमध्ये.

मागच्या खुर्च्यांवर बसून मी ऐकत होते. प्राध्यापक झाले, तुरुंग अधिकाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी झाले. पुढाऱ्यांचं म्हणणं, आमच्या लोकांचं संरक्षण काढू नका. प्राध्यापकांचं म्हणणं मला कळलं नाही. मग मंदाताई. त्यांचं जर्मन व्याकरणात चोख आणि उच्चारात कोल्हापुरी. त्यांनी आधी सगळ्यांना बुचकळ्यात पाडलं, कारण त्या म्हणाल्या, नुसत्या साहेबाच्या हातात हुकूम देऊ नका. आजचा साहेब बरा आहे, उद्याचा कसा येईल सांगता येत नाही, मला साखरेवरून कोठारात बसवलं होतं. चौकशी करायला बाहेरचा माणूस आणा, ज्याला आमच्यातलं कोणी ओळखत नाही. पोरांचं म्हणणं पहिल्या आठवड्यात लिहून घ्या, तोंडाची सूज उतरायच्या आत. आणि निकालाला मुदत घाला. मग पुढाऱ्यांकडे वळल्या. तुम्ही संरक्षण म्हणता, ते माझ्या एका माणसाला मिळालंय. तो चार वर्षं घरात पडदे लावून बसलाय. त्याला त्याच वर्षी काढलं असतं तर आज तो कुठेतरी फरशा बसवत असता. फार छान बसवतो. एवढं म्हणून त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि आभार न मानता उठून आल्या. मला रडू आवरेना. त्या मलाच म्हणाल्या, गप, रुमाल आहे का?

मसुद्याचं पुढे काय होतंय ते अजून चाललंय, असं पेपरात मधूनमधून येतं. डिर्कची तारीख मात्र लागली. फौजदारीत दंड होऊन गेला होता, आता खात्याचा दावा होता, की ह्याला नोकरीतून काढा. मार्कोला समन्स गेलं ते परत आलं, पत्त्यावर तो नव्हता. पाय घसरून पडला म्हणणाऱ्या दोघांपैकी एकानं जबाब फिरवला, मला नीट दिसलं नाही म्हणाला. म्हणजे उरल्या मंदाताई. त्या जरा सैल बोलल्या असत्या तर डिर्कची पेन्शन वाचली असती. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

कोर्टाची खोली आमच्या हॉलपेक्षा थोडीच मोठी. डिर्कला मी ओळखलंच नाही. सुटलेला, सुजलेला, कोट कुठूनतरी मागून आणल्यासारखा. त्याच्या बाजूनं, ह्या सगळ्या वर्षांत त्याच्या पाठीशी आहोत असं सांगणाऱ्या सहकाऱ्यांपैकी, एकही जण आला नव्हता. मंदाताईंनी साक्ष दिली. मान धरली, भिंतीवर आपटलं, हातकड्या होत्या, दात इथे पडला. मग त्याच्या वकिलानं विचारलं, तुम्हाला स्वतःला शिक्षा झालीय ना? कैद्यांना गुपचूप वस्तू दिल्याबद्दल? मंदाताई म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी खरं. मी साखर वाटली, त्याची शिक्षा मला झाली, आणि ती बरोबर होती." मग न्यायाधीशांकडे न बघता डिर्ककडे बघून म्हणाल्या, "ह्याला मी शिकवलंय. ह्याच्याइतका चांगला मुलगा मी तिथे बघितला नाही. आणि त्यानं ते केलं." डिर्कनं मान खाली घातली. त्याला शेवटी बोलायची संधी दिली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, की ती सांगते तसं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

निकाल त्याच दिवशी दुपारी सांगितला. डिर्क नोकरीतून गेला.

मी गाडी आणायला गेले. पार्किंग लांब होतं, वर एकेरी रस्ते, मला वळसा घालून यायला वेळ लागला. कोर्टाच्या पायऱ्यांवर मंदाताई नव्हत्या. मग रस्त्यापलीकडे ट्रामच्या थांब्यावर त्या दिसल्या.

कामावरून सुटायची वेळ होती. थांबा माणसांनी भरलेला. बाकावर डिर्क बसला होता, दोन्ही हातांत तोंड धरून, आणि त्याचे खांदे गदगदत होते. मंदाताई त्याच्यासमोर उभ्या होत्या, त्याच्याकडे पाठ करून. गुडघा दुखत असणार, एका पायावर भार टाकून उभ्या होत्या. कोटाची बटणं सोडून त्यांनी तो दोन्ही हातांनी बाजूला ताणून धरला होता, म्हणजे गर्दीतल्या कोणाला मागचा माणूस दिसू नये. चेहरा कोरा, समोर बघत. कोणी थोडं वाकून बघायला लागला की त्या तेवढ्याच तिकडे सरकायच्या. मी काच खाली केली, पण हाक मारली नाही. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, म्हणून मला पुढे जावं लागलं. त्या दोघांमध्ये नको पडायला, असं वाटून मी परत वळले नाही.

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, मी घरी पोचलो, तू जेव. पुढच्या आठवड्यात नीलेशच्या नोकरीमुळे आम्ही कार्ल्सरूहेला आलो, आणि वसंत ऋतूत मंदाताई झोपेतच गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला मला जाता आलं नाही, इराला गोवर निघाला होता. डिर्क गेला होता, असं शेजारणीनं कळवलं. मला त्या आठवतात त्या थांब्यावरच्या. ट्राम आली, सगळी माणसं चढली, ट्राम गेली. गाडीच्या आरशात मला दिसत होतं, थांबा रिकामा झाला होता, तरी मंदाताई कोट तसाच धरून उभ्या होत्या.